मागच्या सीटवरचे मामाजी

दारात नवी मोटार दाखवायला आणली की लोक आधी बॉनेट उघडतात, हॉर्न वाजवून पाहतात, चाकाला लाथ मारून हवा तपासतात. माझे सासरे यांतलं काही करत नसत. ते मागचं दार उघडत, वहाणा बाहेर काढून ठेवत आणि आत शिरून सीटवर चक्क आडवे होत. उंची चांगली होती, त्यामुळे गुडघे मुडपावे लागत. धोतर सावरून, डोकं दाराकडे करून, दोन्ही हात पोटावर ठेवून ते डोळे मिटत आणि म्हणत, "हं, चालू द्या."

नागपूरच्या एजन्सीचा माणूस टाय लावून पुढे बसलेला असे. गाडीचा वेग किती, इंजिन किती दमाचं, चढ कसा घेते, हे सांगायची त्याची तयारी. पण गिऱ्हाईकच झोपलेलं. तो मागे वळून वळून बघे आणि शेवटी गप्प बसे. चांद्याच्या रस्त्यावर दोन-चार कोस जाऊन गाडी परत आली की मामाजी उठून बसत, वहाणा घालत आणि एवढंच बोलत, "पाय आखडले," किंवा "पेट्रोलचा वास येते. उलटी होईन माणसाले."

आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मी त्यांची एकुलती सून. मूल या गावी त्यांची धानाची मिल होती. माझं लग्न होऊन मी वर्ध्याहून मूलला आले तेव्हा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता आणि मूलच्या रस्त्यावर दिवसाकाठी मोटारी दिसायच्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. मिलचा एक जुना मालट्रक होता आणि तो चालवणारे करीमभाई होते. घरासाठी चार दारांची गाडी घ्यायची, असं मामाजींनी माझ्या लग्नाआधीच ठरवलं होतं म्हणे. पण गाडी काही ठरत नव्हती. सासूबाई मी यायच्या आधीच वारल्या होत्या. कशाने, कशा, ते घरात कोणी बोलत नसे आणि नव्या सुनेने विचारावं असे ते दिवस नव्हते.

त्या वर्षात तीन गाड्या येऊन गेल्या. कंपन्यांची नावं आम्हा बायकांना ठाऊक नव्हती, आम्ही रंगावरून बोलायचो. पहिली बदामी. दिसायला देखणी, पण मागच्या बाजूला छप्पर इतकं उतरतं की आत शिरताना मामाजींचं डोकं आपटलं. "चांगल्या माणसाचं आपटते, तं उचलून आणलेल्याचं काय होईन?" ते म्हणाले. दुसरी काळी, लहानखुरी. ती ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, फार आवडली होती. बाजाराच्या गल्लीतून सुळकन वळायची, पेट्रोल कमी प्यायची. मामाजी तिच्यात आडवे झाले तेव्हा त्यांचे पाय दाराबाहेर आले.

"भाऊ, गाडीत लोक बसतेत. निजत नाईत," हे म्हणाले. वडिलांना हे भाऊ म्हणत.

"बसणाऱ्याले बस आहे, रेल्वे आहे," मामाजी म्हणाले. "निजणाऱ्याले काय आहे?"

गावात त्यांचं नाव 'निजणारे शेठ' असं पडलं होतं. पानठेल्यावर त्यांची नक्कल व्हायची. ह्यांच्या कानावर ते आलं की हे दिवसभर कोणाशी बोलत नसत. मामाजींच्या कानावरही येत असणार. त्यांनी कधी त्याचा विषय काढला नाही.

तिसरी आली ती निळी. अंगाने भारी, बुटकी, मागची सीट सलग आणि लांब. मामाजी तिच्यात निजून आले आणि पहिल्यांदाच त्यांनी नावं ठेवली नाहीत. ओसरीवर बराच वेळ बसून राहिले. मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, एक काम होतं. तू निजून पायशीन काय गाडीत? बाईमाणसाले कसं लागते, ते मले समजत नाई."

मला लाज वाटली. डोक्यावरचा पदर ढळू न देण्याचे ते दिवस आणि भर दुपारी सासऱ्यासमोर गाडीत आडवं व्हायचं. पण त्यांचा आवाज असा होता की मला नाही म्हणवलं नाही. एजन्सीचा माणूस आमच्याकडे जेवायला बसला होता. करीमभाई चालवायला बसले, मामाजी त्यांच्या शेजारी. मी मागे निजले आणि तोंडावरून पदर ओढून घेतला. मामाजींनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. समोर बघतच ते विचारत राहिले, "लागलं काय?"

"नाही, मामाजी."

"आता लागलं?"

"थोडंसं."

"कुठी लागलं? पाठीले की मानेले?"

"मानेला."

"बोलत राय. गप नको बसू."

गाव मागे पडलं, जंगल लागलं. मोहाच्या दिवसांत त्या रस्त्याला एक गोडसर वास असतो, तो खिडकीतून येत होता. निळी गाडी खड्ड्यात आपटत नव्हती. बोट डुलावी तशी डुलायची आणि पुन्हा सरळ व्हायची. चिचपल्लीच्या अलीकडे एक नाला आहे, तो ओलांडला आणि त्या डुलण्याने माझा डोळा लागला.

मामाजींनी विचारलं असेल, मी उत्तर दिलं नसेल. करकचून ब्रेक लागला. दार उघडलं आणि कोणीतरी माझ्या पायाचा अंगठा घट्ट धरून हलवू लागलं. मी दचकून उठले. मामाजी बाहेर उभे होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"झोप लागली होती, मामाजी," मी म्हणाले.

करीमभाई गाडीतून उतरले, पुढे जाऊन झाडाशी आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मामाजी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. मग बोलले.

"तुझ्या सासूच्या पोटात दुखलं होतं. सकाळची रेल्वे निघून गेलती. मिलचा ट्रक होता. पोत्यांवर गाद्या घातल्या, तिले निजवलं, मी तिच्या डोक्यावर हात ठिऊन बसलो. हाच करीम चालवत होता. प्रत्येक खड्ड्याले ती कण्हे. मी वरून वरडत होतो, हळू घे, हळू घे. या नाल्याच्या पुढं आलो, अन् गप झाली. मले वाटलं, रस्ता सुधरला. तिचा डोया लागला. मी करीमले म्हटलं, आता घे जोरात." मग ते म्हणाले, "चांद्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणे, काऊन आणलं इले? मले तवा समजलं."

 मी नुसती गाडीच्या दाराला धरून उभी राहिले. परत येताना मी बसून आले आणि सगळ्या वाटेने काही ना काही बोलत आले. माहेरच्या गोष्टी, म्हशीच्या गोष्टी. मामाजी समोर बघत हं, हं म्हणत होते.

निळी गाडी घरी आली. हे म्हणाले, "भाऊ, ही पेट्रोल लई पिते." मामाजी म्हणाले, "पिऊ दे." करीमभाईंना ट्रकवरून काढून गाडीवर बसवलं. मागच्या सीटवर एक धुतलेली गोधडी कायम घडी करून ठेवलेली असे आणि टाकी भरलेली. गावातल्या शेठ लोकांनी नवरदेवाच्या वरातीसाठी गाडी मागितली, मामाजींनी दिली नाही. ह्यांनी एकदा ती मित्रांबरोबर नागपूरला सिनेमाला नेली. त्या दिवशी मामाजी संध्याकाळपर्यंत फाटकाजवळ येरझारा घालत होते. गाडी आली तेव्हा ते रागावले नाहीत. "आज कोणाले लागली नाई, बरं झालं," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

मला दिवस राहिले. मामाजी गाडीची काळजी घेत तशी माझी घेऊ लागले, म्हणजे स्वतः काही न बोलता करीमभाईंकडून सगळं करवून. दर आठवड्याला करीमभाई रिकामी गाडी चांद्यापर्यंत नेऊन आणत आणि रस्ता कुठे उखडला ते मामाजींना सांगत.

धान कापणीचे दिवस होते. हे मिलचा पट्टा आणायला नागपूरला गेले होते. सकाळी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या, आणि दाईने हात लावून पाहिलं तसा तिचा चेहरा पडला. मूल आडवं होतं. मामाजींना सांगायचीही गरज पडली नाही. गाडी दाराशी लागलेली होती.

त्या प्रवासाबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की गाडीने काही कमी केलं नाही. करीमभाईंनी ती अशी चालवली की भरल्या घागरीतलं पाणी हिंदकळलं नसतं. मामाजी समोर बघत बोलत होते, मी ओठ चावून उत्तरं देत होते. नाल्याच्या पुढे त्यांचा आवाज चढला. "सूनबाई?" मी म्हणाले, "आहे, मामाजी." "सूनबाई?" "आहे." असं करत आम्ही चांद्याच्या जनाना दवाखान्यात पोचलो. मला आत नेलं तेव्हा मी शुद्धीत होते. पुढचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा शेजारी कोणी नव्हतं. मुलगी होती. जन्मली ती श्वास न घेताच. मला तिला बघता आलं नाही. हे दुसऱ्या दिवशी पोचले, तोवर सगळं झालं होतं. करीमभाईंनी इरई नदीच्या काठावर खड्डा खणला आणि मामाजींनी तिला कपड्यात गुंडाळून हातावर नेलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तपासायला आल्या त्या वेळी मामाजी माझ्या खाटेजवळ स्टुलावर बसले होते. त्यांनी उठून हात जोडले आणि विचारलं, "बाई, अजून लवकर आलो असतो तं?"

"तुम्ही वेळेतच आणलं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर सून वाचली. मूल आधीच गेलं होतं. ते कोणाच्या हातात नव्हतं."

मामाजींनी मग त्यांना सासूबाईंचं सांगितलं. कसं दुखत होतं, कुठे दुखत होतं, ट्रक, पोती. "तवा अशी गाडी असती, तं वाचली असती काय?"

डॉक्टरबाईंनी हातातला कागद खाली ठेवला. "सांगता येत नाही, शेठजी. कदाचित वाचल्या असत्या. कदाचित नसत्याही."

त्या गेल्यावर मामाजी पुन्हा स्टुलावर बसले. "इतके वर्स म्हणत होतो, गाडी असती तं वाचली असती," ते हळूच म्हणाले. "तेच धरून बसलो होतो." आणि पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं. त्यांनी उपरणं तोंडाला लावलं आणि खांदे हलत राहिले. मला उठता येत नव्हतं. मी त्यांच्या हाताला हात लावला.

घरी आल्यावर निळी गाडी शेडमध्ये गेली आणि तिच्यावर ताडपत्री पडली. गावात बोललं जाऊ लागलं की ती गाडी लाभत नाही. हे म्हणाले, विकून टाकू. मामाजींनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ते मिलमध्येही जाईनासे झाले.

एके दिवशी दुपारी पोंभुर्ण्याकडचा एक माणूस आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. रस्त्यावर त्याची बैलगाडी होती आणि तिच्यात त्याची बायको कण्हत होती. तो आत येत नव्हता. गाडीबद्दल त्यानेही काही ऐकलं असावं. मी ओसरीवरून पाहत होते. मामाजी उठले, फाटकापर्यंत गेले आणि त्याला म्हणाले, "लोक काय बोलतेत ते तुले माहीत असंन. तुही मर्जी असंन तं काढतो गाडी."

तो माणूस बैलगाडीकडे बघून म्हणाला, "काढा, भाऊ."

मामाजींनी करीमभाईंना हाक मारली. मग माझ्याकडे आले. "सूनबाई, तू जाशीन काय संग? तुह्या अंगात बळ असंन तं. तिच्यासंग बोलाले कोणी पायजे."

मी गेले. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तिचं नाव काय, माहेर कुठलं, कोंबड्या किती, घरी गाय आहे का, जे सुचेल ते विचारत गेले. ती कधी उत्तर द्यायची, कधी शिव्या द्यायची. नाला ओलांडताना तिने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी फुटली. तिला मुलगा झाला. दवाखान्यातून बाहेर येऊन मी मामाजींना सांगितलं. ते गाडीला टेकून उभे होते. "रडला काय?" त्यांनी विचारलं. "रडला," मी म्हणाले. आत जाऊन बघा म्हटलं तर म्हणाले, "नाई, तू पायलं ना."

त्यानंतर गाडीवर पुन्हा ताडपत्री पडली नाही. कितीजणींबरोबर मी चांद्याला गेले ते मोजलेलं नाही. सगळ्याच परत आल्या नाहीत.

आणि त्या काळात मामाजी मला माझ्या मुलीबद्दल सांगू लागले. विचारायचा मला धीर नव्हता. ते आपणहून सांगत, एका वेळी एकच गोष्ट. मी लाखोरीची डाळ निवडत बसलेली असे, ते ओसरीवरून जाता जाता थांबत. "केस लई होते तिचे. काये कुट्ट." पुढे काही दिवसांनी, "कपाळ तुह्यावानी होतं." मग महिनाभर काही नाही, आणि एकदा अंगणात तुळशीला पाणी घालताना, "नखं वाढली होती, पाह्य. एवढीशी नखं." तेवढं सांगून ते निघून जात. मी डाळ निवडत बसे, पण त्या दिवशी मला ती दिसायची.

पुढे मला दोन मुलगे झाले. मामाजींनी त्यांना खांद्यावर खेळवलं. तिच्याबद्दल सांगणं हळूहळू थांबलं. मला वाटलं, सांगण्यासारखं संपलं असेल.

शेवटच्या उन्हाळ्यात त्यांना ताप आला आणि तो उतरेना. मी उशाशी बसून कपाळावर पट्ट्या बदलत होते. ते सकाळपासून बोलले नव्हते. डोळे उघडून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तिच्या उजव्या कानाच्या मागं तीळ होता," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "तुम्ही हे सांगितलं नव्हतं, मामाजी."

"एक ठिऊन दिलं होतं," ते म्हणाले. "सगळं सांगून टाकलं असतं, तं मंग तुले काय सांगतलं असतं?"

ते गेले. करीमभाईंनी तिला कपड्यात गुंडाळलेलीच पाहिली होती. आमच्या माणसांत माझ्या मुलीचा चेहरा पाहिलेलं आता कोणी नाही.