स्वच्छ लॉग

"अहो, हे एरर नाही, ही कुरकुर आहे. पातळी वर घ्या!" एवढं बोलून चष्मा कपाळावर सरकवला की आमच्या टीम लीडचं काम संपलं. चष्मा वर गेल्यावर त्यांना स्क्रीनवरचं काही दिसत नसे. गरजही नव्हती म्हणा. तुमच्याही ऑफिसात असा एक नग असेलच.

हिंजवडीत आम्ही एक लायब्ररी लिहायचो. पुस्तकांची नव्हे हो, दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरात बसवायचा तयार कोड. काही बिघडलं की ती लॉगमध्ये नोंद करी. कुठल्या पातळीपासूनच्या तक्रारी नोंदवायच्या ते आपण ठरवायचं. क्लायंटला डेमो असला की हे महाशय पातळी इतकी वर नेत, की आग लागली तरच लायब्ररी तोंड उघडेल. डेमो झाला की पुन्हा खाली. "बघा, कसा स्वच्छ लॉग!" डोंबल तुमचं स्वच्छ.

गणपतीच्या सुट्टीआधी एका डेमोसाठी पातळी वर न्यायचं काम त्यांनी यवतमाळहून आलेल्या नव्या इंजिनिअर मुलीकडून करून घेतलं. मी शेजारीच होतो.

"सर, परत खाली कधी आणू?"

"मी सांगतो ना. तुम्ही मोदक खा!"

आणि स्वारी कसब्यात आरत्या म्हणायला गेली ती विसरलीच.

एका पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट आमच्या लायब्ररीतून पेशंटना जायचे. ते अडकले. लायब्ररीच्या लेखी ही मधल्या पातळीची तक्रार, त्यामुळे नोंदच नाही. दोन दिवस कुणाला पत्ता नाही. मग बैठक बसली. पातळीच्या बदलावर नाव त्या मुलीचं, आणि ती प्रोबेशनवर. मॅनेजर म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." ती रडकुंडीला आली. मला सगळं ठाऊक होतं, तरी मी टेबलाकडे बघत राहिलो. आमचे टीम लीड आता हात झटकणार, याची मला खात्रीच होती.

"तिनं विचारलं होतं," ते म्हणाले. "विसरलो मी. काढायचं तर मला काढा."

काढलंच. एवढ्यानं माणूस थोर होत नाही. त्यांच्या बावळटपणापायी कितीजण जिवाला घोर लावून रिपोर्टची वाट बघत बसले असतील. तो राग अजून आहे. पण त्या खोलीत तोंड उघडलं ते त्यांनीच.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये ती मुलगी माझ्या शेजारी होती. वाकड मागे पडल्यावर म्हणाली, "सर, मी विचारलं तेव्हा तुम्ही तर बाजूलाच बसला होता ना?"

"हो."

तिनं बॅग उचलली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.