हिरवळीचा मुकादम

शहरातल्या जुन्या दफनभूमीचा मुकादम म्हणजे निव्वळ गवताचा गुलाम. ती जागा शे-दीडशे वर्षांपूर्वी कुणा हौशी माणसानं बागेसारखी आखली: वळणावळणाच्या वाटा, मधे तळं, तळ्याकडं उतरत गेलेली हिरवळ. लोक तिथं फिरायला येतात. त्यांनी 'वा' म्हटलं की याची छाती फुगते, जणू तळं यानंच ओंजळीनं भरलंय.

श्रीमंतांच्या संगमरवरी कबरी तळ्याकाठी. गरिबांना वरचा उतार. दगड नाही, उशाशी नंबराची लोखंडी खुंटी तेवढी. तळ्याकाठचे दगड मुकादम स्वतःच्या रुमालानं पुसतो. उतारावर कुणी रडायला टेकलं तर म्हणतो, बाकावर जाऊन रडा, गवत दबतं. मोठ्यापुढं शेपूट, गरिबापुढं शिंग, असलं हे जनावर.

गेल्या साली गवत कापायचं मशीन आलं. खुंट्यांना अडून त्याची पाती मोडायला लागली. मुकादमानं डोकं चालवलं. नसलेली वस्तू चालवायला जाऊ नये. त्यानं सगळ्या खुंट्या उपटून पोत्यात भरल्या. नंबर वहीत आहेतच की, म्हणाला. होते, पण कुठला नंबर कुठं, ते खुंटीच सांगत होती. दफनभूमीच्या साहेबांना उतार गुळगुळीत दिसला, खुंट्या उपटल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी पाठ थोपटली.

मग याची थोरली बहीण आली. तिचा नवरा त्याच उतारात पुरलेला. गुडघे गेलेले, त्यामुळं वर्षातून एकदाच येणं व्हायचं. तिनं नंबर सांगितला, यानं बेधडक बोट दाखवलं. बिचारी बसली, नवऱ्याशी घरचं सगळं बोलली. उठताना पुढच्या खेपेसाठी खूण म्हणून पुन्हा विचारलं, तर बोट आठ पावलं पलीकडं गेलेलं.

"दाजी कूस बदलून झोपले काय रे?" तिनं विचारलं.

"आक्का, इथंच असतील कुठंतरी. जातायत कुठं?"

मग पोत्याची हकिकत बाहेर आली.

"आता मी दर आठवड्याला येणार," ती म्हणाली. "दर खेपेला निराळ्या जागी बसणार. कधीतरी त्यांच्याजवळ बसेन. तू मला वर चढवायचंस. नाहीतर पोतं साहेबांच्या टेबलावर."

तेव्हापासून मुकादम तिला दंडाला धरून उतार चढवतो, स्वतःच्या हातानं चटई अंथरतो. खाली गवत दबतं. हे सगळं नोकरीच्या भीतीनं. त्यात बहिणीची माया गुंजभर सापडली तर मी मिशी उतरवून देईन.