दाराबाहेरच्या चपला

रविवारी मंडळाचा नवा बॅनर माझ्या नवऱ्यानं, सुहासनं, पाहुण्यांसमोर हॉलमध्ये उलगडला आणि ताज्या शाईचा तो उग्र वास नाकात शिरताच माझं डोकं फिरलं. लग्नानंतरची दोन वर्षं आम्ही याच वासात काढली. इथे परदेशात, वुडलँड्सच्या औद्योगिक वसाहतीत, बॅनर छापायला गाळा भाड्यानं घेतला होता. पुढे मशीन, मागे पडद्याआड आमचा संसार. तिथे राहायला बंदी होती, म्हणून उजाडताच गादी गुंडाळून फ्लेक्सच्या रोलांमागे दडवायची, कुकरची शिटी होऊ द्यायची नाही.

एका सकाळी मालक अचानक आला. सगळं लपवलं होतं, पण घरच्या सवयीनं मी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. छापखान्याबाहेर चपला कोण काढतं? त्यानं बोट दाखवलं. "समबडी स्टे हिअर, इज इट?"

"नो, नो!" सुहास घाईघाईनं म्हणाला. "कस्टमर्स स्लिपर्स!"

मी पडद्याशी अनवाणी उभी होते, हाताला कणीक. मालक माझ्याकडे पाहून हसला आणि मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून बूट घालून फिरून गेला. गाळा वाचला. तेव्हा मलाही हुश्श झालं होतं. राग नंतर आला, आणि राहिला.

सेरंगूनच्या आमच्या या फ्लॅटमध्ये सुहासनं रविवारी पाहुण्यांना तोच किस्सा रंगवून सांगितला. "कस्टमर्स स्लिपर्स!" सगळे पोट धरून हसले.

"अगं, चहा टाकतेस ना?" तो डोळे पुसत म्हणाला.

"कस्टमरनं चहा टाकायचा नसतो," मी म्हटलं, आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसले.