गाईसाठी नेसलेली साडी

लेकीच्या बाळंतपणासाठी बायको पुण्याला गेली आणि देवळाली प्रवराजवळच्या आमच्या वस्तीवर मी आणि गाय असे दोघेच उरलो. मी निवृत्त मुख्याध्यापक. साठ-साठ पोरांचे वर्ग नुसत्या नजरेनं गप्प केलेले, तिथं एका गाईचं ते काय! निघताना बायको गाईविषयी काहीतरी सांगत होती. मी म्हटलं, "मला शिकवू नकोस." आमच्या घरात शिकवायचं खातं माझ्याकडे होतं.

पहिल्याच संध्याकाळी बादली घेऊन मी थेट मागून गेलो आणि कासेला हात घातला. गाईनं लाथ झाडली. बादली गव्हाणीत, मी शेणात. मला राग आला. राग मला पटकन येतो, आणि नोकरीत असताना त्याला शिस्त म्हणत. कोपऱ्यातली काठी उचलली आणि दोन ठेवून दिल्या. त्यानंतर गाईनं मलाच काय, धार काढायला धावून आलेल्या शेजारणीलाही जवळ फिरकू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारी स्वतः आला. हा माझा जुना विद्यार्थी. आता चाळिशी ओलांडलेला, ऊस आणि आठ गाई सांभाळणारा. बाईच्या हातची गाय पुरुषाला धार देत नसेल तर आमच्या भागात एक सर्वमान्य उपाय आहे, तो त्यानं अदबीनं सुचवला. "सर, बाईंची साडी नेसा. गाय वासावर जाती. आमचं आबा तर मिशा ठिवून नेसायचं."

पँटवरून मी बायकोची रोजची फुलाफुलांची साडी गुंडाळली, डोक्यावरून पदर घेतला. शेजाऱ्यानं चेहरा गंभीर ठेवला, मोबाईल मात्र उभा धरला. गाईनं पदर हुंगला. क्षणभर तिलाही आशा वाटली असावी. मग मी हात लावला आणि तिनं मला साडीसकट उडवलं. त्या दिवशी आमच्या घरून डेअरीत दूध गेलं नाही, फोटो गेला.

तिसऱ्या दिवशी कास दगडासारखी झाली. जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन ती कशीबशी मोकळी केली आणि बजावलं, "हे रोज करता येणार नाही. हाताला आली नाही तर एखादा सड कायमचा जाईल." आता मात्र मी घाबरलो. बायकोनं ही गाय कालवड होती तेव्हापासून वाढवली होती. तिला मी काय तोंड दाखवणार होतो? तिला कळवायचं नाही असं ठरवलं होतं, पण शेजाऱ्यानं फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अहो, तुमी पहिला हात कुठं लावता?"

"कासेला. दूध तिथंच असतं."

"आन पाव्हणा दारातनं थेट चुलीपाशी आला तर तुमाला चालंल का? समोरनं जा. तिला दिसू द्या. हात पुढं धरा, वास घिऊ द्या. मग मानंला लावा, मग पाठीला. आन कातडी थरथरली की हात काढून घ्या."

"काढून घ्यायचा? शेफारेल ती!"

"गाय हाय ती. तुमची शाळा न्हाई."

मग मी गाईसमोर उभा राहून परवानगी मागू लागलो. हात न्यायचा, कातडी थरथरली की काढून घ्यायचा, पुन्हा न्यायचा. इतका वेळ मी शिक्षणाधिकाऱ्यांसमोरही उभा राहिलो नव्हतो. काठी जिथं बसली होती तिथं हात नुसता जवळ आला तरी ती अंग चोरायची. मला लाज वाटली. गाईची माफी कशी मागतात हे एकाही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं, आणि प्रशिक्षणं तर मी चहा-बिस्किटांसह ढीगभर केली आहेत. त्या संध्याकाळी पेलाभर दूध मिळालं, दुसऱ्या दिवशी तांब्याभर. सहाव्या दिवशी तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मागचे पाय जरा फाकवले आणि पान्हा सोडला. बादली भरली. चारही सड शाबूत होते.

मी आनंदानं ओरडलोच. शेजारी बाजूलाच उभा होता. न बोलावता तो रोज दोन्ही वेळेला येत होता. त्याला शाबासकी द्यावी म्हणून पाठ थोपटायला मी हात उचलला. त्यानं झटकन मान खाली घातली, खांदा कानापर्यंत नेला आणि डोळे घट्ट मिटले.

मग त्याचं त्यालाच हसू आलं. "सवय हाय सर, दुसरं काय न्हाई."

मी हात खाली घेतला. गाय सहा दिवसांत माझ्या हाताला आली होती. हा तीस वर्षं माझ्या शेजारी राहतो आहे.