आर्डिसचा बेडूक

आर्डिस हॉगन माझ्या दारात आली तेव्हा तिच्या हातात झाडूचा तुटका दांडा होता. फेब्रुवारीची सकाळ होती, मी नुकतीच कॉफी ओतली होती, आणि सकाळच्या कॉफीच्या वेळी मला माणसं फारशी खपत नाहीत हे युमाच्या वाळवंटातल्या घरगाड्यांच्या या अख्ख्या तळाला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक होतं. तरी ती पायरीवर चढलीच.

"डेल्मर, मला बेडूक घ्यायचाय. तू बरोबर चल."

"आणि दांडा कशाला? मारायचाय का त्याला?"

"मोजायचाय."

मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घरगाडीच्या, मागे बांधून ओढत न्यायच्या छोट्या गाडीला आम्ही सगळे बेडूक म्हणतो. ओढलेल्या वस्तूला इंग्रजीत 'टोड' म्हणतात आणि बेडकालाही टोडच. कुणीतरी कधीतरी हा विनोद केला आणि तो आम्हाला जन्माचा चिकटला. इथे सत्तरीतली माणसं एकमेकांना गंभीरपणे विचारतात, "तुझ्या बेडकाला गिअर हाताचे की आपोआप?" आणि कोणी हसत नाही.

हॉगन नवराबायकोला आजवर बेडकाची गरज पडली नव्हती. त्यांची घरगाडी लहान, डिझेलची, चोवीस फुटांची. तीच घेऊन ती दोघं बाजारात जायची, चर्चमध्ये जायची. आर्डिस चालवायची. पार उत्तरेकडच्या मायनॉटला एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई ती. उणे तीसच्या थंडीत, बर्फात, मागे चाळीस पोरं बोंबलत असताना. ऑर्लिन, तिचा नवरा, धान्याच्या कोठारावर वजनकाट्याला होता. त्याने आयुष्यात कुणाला अर्ध्या पौंडाची सूट दिली नाही, की कुणाचा अर्धा पौंड मारला नाही. घरगाडी मागे घ्यायची झाली की तो मागे उभा राहून हाताने खुणा करायचा. बाकीच्या जोडप्यांची त्या वेळची भांडणं बघायला आम्ही खुर्च्या टाकून बसतो. हॉगनांकडे बघण्यासारखं काहीच नसायचं.

नोव्हेंबरात ऑर्लिनला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. त्याला व्यायामोपचाराच्या केंद्रात ठेवलं; दोन महिन्यांनी पाय थोडा परतला, पण शब्द मात्र एकच परत आला. "चालेल."

सूप देऊ? चालेल. पडदा लावू? चालेल. त्यांची मुलगी जोलीन फार्गोहून फोनवर म्हणाली, "बाबा, इथे माझ्या घराजवळ एक छान जागा आहे, चोवीस तास नर्स असते, याल ना?" बाबा म्हणाले, चालेल. जोलीनने लगेच तिथे नाव नोंदवलं.

"ते स्वतः हो म्हणालेत, आई," ती आर्डिसला म्हणाली.

"तो काल नर्सच्या कुत्र्यालाही हो म्हणाला," आर्डिसने सांगितलं.

पण भांडून प्रश्न सुटणार नव्हता. शेवटी जोलीनने अट घातली, आणि अट वाईट नव्हती. एप्रिलमध्ये ती येणार. आर्डिसजवळ तोवर अशी छोटी गाडी असली पाहिजे, जिच्यात ऑर्लिनला घालून कुठल्याही गावात, कुठल्याही वेळी डॉक्टर गाठता येईल. आणि घरगाडीला ती गाडी जोडून दोघांनी, फक्त दोघांनी, निघून दाखवायचं. जमलं तर जोलीन आल्या पावली परत जाईल. नाही जमलं तर बाबा तिच्याबरोबर विमानाने फार्गोला.

दांड्याला चाकूने एक खाच पाडलेली होती. ऑर्लिन कुणाच्या मदतीशिवाय ज्या खुर्चीवरून उठू शकतो, तिच्या बैठकीची ती उंची. बैठक खाचेच्या खाली गेली तर तो उठत नाही, फार वर गेली तर बसत नाही.

म्हणजे गाडी उंच हवी. शिवाय हलकी हवी. आर्डिसची घरगाडी कागदावर पाच हजार पौंड ओढते, पण पाण्याची टाकी, गॅस, भांडीकुंडी आणि दोन माणसं चढली की सव्वातीन हजार उरतात. आणि चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढली तरी गिअर जळणार नाहीत, अशी हवी. उंच, हलकी आणि ओढता येणारी. नवरदेव शोधणं यापेक्षा सोपं असतं.

पहिल्या दुकानात एक तुकतुकीत पोरगेला विक्रेता होता. "मॅडम, ही तर कशीही ओढा! खूप लोक ओढतात."

"पुस्तकात दाखव, बाळा."

"अं?"

तिने गाडीच्या कप्प्यातून गाडीबरोबरचं माहितीचं पुस्तक काढलं, चष्मा चढवला, आणि भर दुकानात बैठक मारून वाचायला लागली. पाच मिनिटं गेली. मग तिने त्या पोराला जवळ बोलावून ओळीवर बोट ठेवलं. चारही चाकांवर ओढू नये.

"पण लोक ओढतात, मॅडम..."

"लोक विस्तवातही हात घालतात. पुढची दाखव."

मला वाटलं होतं, एका दुपारचं काम आहे. पाच आठवडे लागले. बारा गाड्या झाल्या. प्रत्येक गाडीत तिचा क्रम तोच: आधी पुस्तक, मग वजन, मग दांडा. एक जीप पुस्तकात बसली, उंचीला बसली, वजनात हजार पौंडांनी हुकली. एक चिमुकली लाल गाडी बाकी सगळ्यात बसली, पण बैठक इतकी खाली की दांडा टेकवल्यावर आर्डिस नुसतीच म्हणाली, "उफ दा." मायनॉटकडची माणसं दुःख, आश्चर्य आणि पाठदुखी या तिन्हींना तेवढंच म्हणतात.

मी चिडचिड करत होतो, पण खरं सांगायचं तर मजा येत होती. चाळीस वर्षं मी गाड्यांची वायरिंग केली आणि हे पुस्तक कधी उघडलं नाही. पुस्तक उघडणं म्हणजे आपल्याला येत नाही अशी कबुली, असं आम्ही कारागीर मानतो. त्यामुळेच मी एकदा माझा स्वतःचा बेडूक हँडब्रेक न काढता अकरा मैल ओढला. मागून येणारा ट्रकवाला हॉर्न मारत होता आणि मी त्याला आईवरून शिव्या देत होतो. थांबून बघतो तर मागची दोन्ही चाकं धुमसत होती. मागे उभं राहून बघणारं माझ्याकडे कोणी नव्हतं. हे मी आर्डिसला सांगितलं. तळावर दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

तेरावी गाडी जवळच्या वेल्टन गावात मिळाली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंची, मोहरीच्या फुलासारखी पिवळी, खोक्यासारखी चौकोनी, हाताच्या गिअरची. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत, नव्यासारखं. आर्डिसने पान शोधलं. ओढता येते. वजन बसलं. मग तिने दांडा उभा केला, आणि खाच बैठकीला अशी टेकली की जणू मोजूनच पाडली होती. मीच टाळी वाजवली.

आर्डिस मात्र हसली नाही. त्या बाईंची परवानगी घेऊन तिने गाडी थेट केंद्रावर नेली. ऑर्लिन चाकाच्या खुर्चीतून उठला, पाठमोरा झाला, बसला. डावा पाय स्वतः आत घेतला, उजवा पाय डाव्या हाताने उचलून घेतला. मग पुन्हा बाहेर आला, स्वतःचा स्वतः.

"कशी आहे रे?" तिने विचारलं.

"चालेल," ऑर्लिन म्हणाला.

 परत येताना कोबीची शेतं संपल्यावर ती म्हणाली, "लाल गाडीचा फोटो दाखवला होता मी त्याला. तिलाही चालेल म्हणाला होता."

"अगं, पण ही खरंच चालण्यासारखी आहे ना?"

"गाडीचं नाही बोलत मी. जोलीनलाही चालेल म्हणतो, मलाही चालेल म्हणतो. तो माझ्याबरोबर येतोय की मी त्याला नुसती ओढतेय, हेच मला कळत नाही, डेल्मर. आणि ते कुठल्या पुस्तकात दाखवणार?"

 मी खिडकीची काच खाली केली.

आर्डिसने गाडी घेतली, ऑर्लिन केंद्रातून घरगाडीत परत आला, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जोलीन आली. पोरगी चांगली आहे, आईसारखीच हट्टी. पर्समध्ये दोन विमानतिकिटं होती, एक तिचं आणि एक बाबांचं. आल्या आल्या तिने मला बजावलं, "डेल्मरकाका, तुम्ही खुर्चीवरून हलायचं नाही." मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलो.

आर्डिसने बेडूक जोडला. ओढायचा दांडा, पिना, साखळ्या, दिव्यांची वायर. गिअर मोकळा, हँडब्रेक खाली. ते बघताना तिने माझ्याकडे एक नजर टाकली, आणि मी दुसरीकडे बघितलं. आता शेवटचं काम उरलं: दिवे. एकाने पुढे बसून दिवे लावायचे, दुसऱ्याने मागून बघून सांगायचं. बेडकाचे दिवे लागले नाहीत तर मागचा माणूस येऊन आदळतो. हे काम एकट्याचं नाही.

ऑर्लिनला तिने मागे घडीच्या खुर्चीवर बसवलं होतं, टोपी घालून. झाडूचा तो खाचेचा दांडा त्याच्या डाव्या हातात. तो काठी म्हणून वापरायला लागला होता.

"आई, हे काय? ते सगळ्यालाच चालेल म्हणतात," जोलीन म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. भीती होती.

आर्डिस पुढे जाऊन घरगाडीत बसली.

"डावा?" खिडकीतून तिचा आवाज आला.

डावा दिवा लुकलुकला.

"चालेल."

"उजवा?"

ऑर्लिन गप्प. आर्डिसने पुन्हा विचारलं, "उजवा?" जोलीनने डोळे मिटून घेतले. ऑर्लिन पुढे वाकला. चेहरा असा आवळला की मला वाटलं त्याला पुन्हा काही होतंय. मी हात मांडीखालून काढले.

"ना," तो म्हणाला. मग ओठ ओले करून, "नाही."

मी दिव्याकडे बघितलं. उजवा दिवा मेलेला होता.

आर्डिस खाली उतरली. तिला पायरी दिसत नसावी, कारण ती चाचपडत उतरली. नवऱ्याकडे न बघता सरळ वायरीच्या जोडाशी गेली, जोड काढला, नखं घासायच्या कानशीने पिनेवरचा हिरवा गंज खरवडला, आणि पुन्हा पुढे जाऊन बसली.

"उजवा?"

"चालेल."

"ब्रेक?"

"चालेल."

वजनकाट्यावरचा माणूस. मला इतका आनंद झाला की मी शिवी हासडली.

जोलीन मात्र बापासमोर गुडघ्यांवर बसली होती. प्रामाणिक पोरगी, तिने प्रश्न चुकवला नाही. "बाबा, माझ्याबरोबर फार्गोला यायचंय तुम्हाला?"

 ऑर्लिनने दांडा मांडीवर ठेवून डाव्या हाताने तिच्या गालावर थोपटलं.

"नाही," तो म्हणाला.

ती रडली, आणि रडता रडता हसलीही. मग डोळे पुसत आईला म्हणाली, "आता तू विचार."

आर्डिस घरगाडीच्या दाराशी उभी होती. ही बाई बर्फाच्या वादळात चाळीस पोरं घेऊन गेली आहे, पण तिला इतकी घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती. इतके महिने त्याचं उत्तर ठरलेलं होतं. आज तो नाही म्हणू शकत होता.

"आणि माझ्याबरोबर?" तिने विचारलं. बघत होती कानशीकडे.

ऑर्लिनने आधी घरगाडीकडे बघितलं, मग पिवळ्या बेडकाकडे, मग तिच्याकडे. सावकाश, भरल्या ट्रकचं वजन बघावं तसं.

"चालेल."

"मग ऊठ," ती म्हणाली. "ऊन चढतंय."

दांडा टेकून तो उठला, स्वतःचा स्वतः.