शेंड्यावर चढलेल्या अळ्या

श्रावणात कानबाईच्या सणाला मी जळगावहून घरी आले, तेव्हा माझ्या वडिलांनी, आबांनी, फवारणीची तयारी करून ठेवली होती. ओट्याच्या कोपऱ्यात पंप आणि शेजारी दोन बाटल्या होत्या, एक अळी मारायची आणि दुसरी बुरशी मारायची. आमच्या भागात दोन्ही एकाच पंपात ओततात. सोनगीरजवळच्या आमच्या वावरात मका कमरेएवढा झाला होता आणि लष्करी अळी त्याचे पोंगे, शेंड्यातली गुंडाळलेली कोवळी पानं, खात होती. आमच्या घरी मका म्हणजे दाण्याआधी चारा. त्याच्यावर म्हशींचं वर्ष निघतं.

पंप मात्र कोरडाच होता. कानबाई बसल्यापासून तिच्या नैवेद्याचे रोट संपेपर्यंत आमच्या घरात कुणी विषाला हात लावत नाही. रोटाचं जेवण भाऊबंदांनीच संपवायचं, त्यातलं काही टाकायचं नाही, आणि ज्या हातांनी ते खायचं त्या हातांना औषधाचा वास नको, असं आई म्हणते. इतर घरांत असं पाळतात की नाही, मला माहीत नाही.

कानबाईचं विसर्जन झालं, पण रोट अजून उरले होते. मी आबांबरोबर वावरात गेले. झड लागून गेली होती, पानं ओली होती.

“हाई दख,” आबा म्हणाले. “अळी तं शेच, वरथून मकाले भुरी बी लागी गयी.”

त्यांनी दाखवलेल्या ताटाच्या शेंड्यावर एक अळी पान घट्ट धरून मेली होती. चुना फासल्यासारखी पांढरी. हात लावला तर खडूसारखी कडक.

अशी अळी मी आधी फक्त प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत पाहिली होती. आमच्या सरांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरून मला बोलावलं होतं आणि मला नीट दिसेपर्यंत ते बाजूला उभे राहिले होते. त्यांचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. त्या सकाळी ते सगळे आठवले.

“आबा, हाई मकानी बुरशी नही. अळीनी शे.”

“लोणचाले बुरशी लागस, हाई माले माहीत शे. अळीले कशी काय?”

मी बांधावर बसून त्यांना सांगितलं. या बुरशीचा कण अळीच्या कातडीला चिकटतो, तिथेच रुजतो आणि कातडी भेदून आत शिरतो. आतून अळीला खाऊन संपवतो आणि मग पांढरा होऊन बाहेर येतो. पण अळीही स्वस्थ बसत नाही. ती कात टाकते आणि कातीबरोबर चिकटलेला कणही टाकून देते. म्हणून बुरशीला कात पडायच्या आत शिरावं लागतं. ज्या अळ्या वाचल्या त्यांचीच पिल्लं पुढे आली, ज्या बुरशीला वेळेत शिरता आलं तीच पुढे वाढली. कुणी ठरवून केलं नाही. माणसानं पहिलं बी पेरलं त्याच्या कितीतरी आधीपासून अशा किड्यांचं आणि बुरशींचं हे चाललं आहे.

आबांनी तंबाखू मळता मळता हात थांबवला. “म्हंजे भाऊबंदकी शे.”

मी हसले. ते हसले नाहीत.

“मंग अळी मराले वर कसाले चढस?”

हे अजून नक्की माहीत नाही, असं सरांनी आम्हाला सांगितलं होतं. उंचावरून कण वाऱ्यावर पसरतात, म्हणून बुरशीच तिला चढवत असेल. किंवा ऊन खाऊन अंगातलं दुखणं जाळायला अळी स्वतःच चढत असेल. मी दोन्ही सांगितलं.

“आन तो पंप?”

“दोन्ही औषधं मारी तं बुरशीबी मरी जाई. नुसतं अळीनं मारं तं बुरशीले खावाले काय राही?”

“नही मारी, आन तुनी बुरशी पसरनी नही, तं?”

घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. काय शिकलीस, कशासाठी शिकलीस, हे आबांनी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, आणि त्याला पुस्तकातलं उत्तर चालणार नव्हतं. बुरशीला ओल लागते. ऊन पडलं तर ती थांबली असती आणि अळ्यांनी पोंग्यांतून वावर खाल्लं असतं.

“तं मका जाई, आबा,” मी म्हणाले.

रोट संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी पंप उचलला. मला वाटलं, निघाले. त्यांनी तो गोठ्यात नेऊन खुंटीला टांगला आणि ते म्हशीला पाणी पाजायला गेले.

त्याच दुपारी आभाळ मोकळं झालं आणि कडक ऊन पडलं. मला कामावर जळगावला परतावं लागलं. रोज संध्याकाळी मी फोन करून विचारायची, “मका कसा शे?” आबा म्हणायचे, “शे.” आणि फोन आईकडे द्यायचे. आई म्हणायची, “ते नुसतं आभाळ दखतस.” मी जळगावला खोलीच्या खिडकीतून तेच करत होते.

मग परत ढग आले. पाऊस थोडाच पडला, पण सकाळी दव राहू लागलं. एका संध्याकाळी मी विचारायच्या आत आबा म्हणाले, “वर चढी राहिन्यात.”

पुढच्या सुट्टीला मी वावरात गेले, तेव्हा शेंड्याशेंड्यांवर पांढऱ्या अळ्या होत्या. काहींवर बुरशीच्या नव्या कणांची फिकट हिरवी भुकटी धरली होती. वरच्या अंगाच्या मक्याला नवी, न खाल्लेली पानं फुटली होती. रस्त्याकडचा खालचा तुकडा मात्र गेला होता. तिथे माती हलकी, ओल टिकत नाही. आबांनी तो आधीच कापून म्हशींना घातला होता. मी त्या तुकड्यात बराच वेळ उभी राहिले.

बाटल्या त्यांनी न उघडता दुकानात परत केल्या होत्या. दुकानदार शेठ म्हणाले होते, “आबा, पोरीला शिकवलंत आणि माझं दुकान बसवलंत.” हे आबांनी मला दोनदा सांगितलं.

निघताना त्यांनी विचारलं, “आते अळी संपनी का?”

“नही. काही वाचन्यात. मातीमा शेतस.”

“आन बुरशी?”

“तीबी मातीमाच शे.”

त्यांनी कापलेल्या तुकड्याकडे पाहिलं. “मंग पुढला कानबाईले तूबी येजो,” ते म्हणाले. “पंप खाले काढाना का नही, दोन्हीजन दखसूत.”