दुसऱ्या पानावरचं टपाल

आधी माफी मागतो. मला लिहिता येतं असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तिथेही शिकलो ते कॉम्प्युटर. बारावीनंतर निबंधसुद्धा लिहिलेला नाही. तरी लिहितोय, कारण जे सांगायचं आहे ते ज्या माणसाला आधी सांगायला हवं होतं, त्याला अजून सांगता आलेलं नाही. माफी मागायची मला सवयच आहे. त्या सवयीचाही पुढे संबंध येतो.

शेवटच्या वर्षाला कुठल्या तरी ऑफिसात तीन महिने काम करून तसं पत्र कॉलेजला द्यावं लागतं. मला जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत जागा मिळाली. पुढे ऑफिस, मागे गोदाम आणि आवाराच्या टोकाला बियाण्याची उगवण तपासायची प्रयोगशाळा. सगळे मिळून सात कॉम्प्युटर. इंटरनेट मात्र फक्त साहेबांच्या केबिनमध्ये, कारण सगळ्यांना दिलं तर सगळे मॅच बघत बसतील असं साहेबांचं म्हणणं. बाकी कारभार चिठ्ठ्यांवर चालायचा.

पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, "आपल्या आपल्यात मेल चालू करून दे. बाहेरचं काही नको. बराबर जमलं तर तुझं पुढं बघू."

"तुझं पुढं बघू" हे तीन शब्द मी त्या दिवशी फोनवर घरी सांगितले. घर केदारखेड्याजवळ, शेतात. वडिलांना माझं काम काय ते नीट कळत नव्हतं.

"काय करून राह्यला तू तिथं?"

"टपालासारखंच हाय. मशीनवरून एकमेकांना पत्रं पाठवायची."

"मंग पत्रं येतेत कुठून?"

"बाहेरून न्हाई. हापिसातल्या हापिसातच."

"एका घरात बसून पत्रं लिहितेत? बरं. कायम करतेत ना पण?"

"बघू म्हणले."

गोदामाच्या माळ्यावर टाकून दिलेलं एक जुनं कॉम्प्युटर होतं. ते पुसून आणलं आणि त्याचाच सर्व्हर केला. सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या पत्रपेट्या सांभाळणारी मशीन, एवढंच. वायर ओढल्या, सगळ्यांना एकेक पेटी दिली. पेटी स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघडायची, लिहायचं, पाठवायचं. चार दिवसांत मेल जायला लागलं. मला खात्री वाटेना, म्हणून मी सगळ्यांना टेस्ट एक, टेस्ट दोन असं करत पंचेचाळीस मेल पाठवली. त्यानंतरचं शेवटचं तेवढं नीट लिहिलं: "नमस्कार. आपल्या ऑफिसची मेल व्यवस्था सुरू झाली आहे. कृपया यापुढे जे कळवायचे ते मेलवर कळवावे." मग सर्व्हरचा मॉनिटर माल रवाना करणाऱ्या डिस्पॅचवाल्यांनी मागून नेला. सर्व्हरला मॉनिटर लागत नाही, हे मीच त्यांना सांगितलं होतं. मशीन टेबलाखाली नुसतीच गुरगुरत राहिली.

या सगळ्याला विरोध होता तो हेडक्लार्क काकांचा. आवक-जावक रजिस्टर त्यांच्याकडे. ते अडीच महिन्यांनी रिटायर होणार होते. अर्ध्या पानाची चिठ्ठी असली तरी कोपऱ्यात तारीख आणि वेळ घातल्याशिवाय ते हातातून सोडत नसत.

"बाळ, माझ्या चिठ्ठीला करंट लागत न्हाई," ते म्हणाले. "लाइट गेली तरी वाचता येती."

"काका, मेलवर तारीख आपोआप पडते."

"आपोआप पडलेल्या तारखेवर मी भरवसा ठेवत न्हाई."

गोदामाचे सुपरवायझर तिथेच उभे होते. म्हणाले, "काका, तुम्ही रिटायर व्हायच्या आधी एक तरी मेल टाका. पोरगा तुमच्यासाठी मराठीचं बसवून राह्यला."

बसवलं होतं खरं. टाइप कसं करायचं ते मी काकांना दोन दिवस दाखवलं. एका बोटाने ते अक्षर शोधायचे आणि सापडलं की माझ्याकडे बघायचे. माझ्याशी ऑफिसात रोज बोलणारे तेच एक. बाकी कुणी वाईट नव्हतं, पण सगळ्यांना आपापलं काम, आणि मला स्वतःहून जाऊन बोलता येत नाही. डबा मी जिन्यावर बसून खायचो. संध्याकाळी खोलीवर गेलं की दुसऱ्या दिवशी साडेनऊपर्यंत तोंड उघडायचं कारण पडत नसे.

मेल कुणी वापरेना. एकदोघं म्हणाले, पाठवलेलं दिसत नाही. मी माझ्या लॅपटॉपवर सर्व्हरची नोंदवही उघडून बघायचो. प्रत्येक ओळीच्या शेवटी मेल पोचल्याचं लिहिलेलं असायचं. मी सांगायचो, पोचलंय. ते म्हणायचे, "पोचलं असंल, पण आम्हाला दिसत न्हाई." आणि खिडकीतून गोदामाकडे हाक मारायचे. आठवड्यात सगळे चिठ्ठ्यांवर परत गेले.

मी मात्र सकाळी आल्यावर आणि निघताना माझी पेटी उघडायचो. सगळ्यात वर माझंच पत्र: नमस्कार. आपल्या ऑफिसची मेल व्यवस्था सुरू झाली आहे. त्याखाली टेस्ट पंचेचाळीस, टेस्ट चव्वेचाळीस. कडेला न वाचलेल्या मेलचा आकडा दिसायचा. मला वाटायचं, माझीच टेस्टची असतील.

पोळ्याला गावी गेलो. एकाच दिवसाची सुट्टी होती, पण दुसऱ्या दिवशी केदारखेड्याला जालन्याची गाडी मिळाली नाही, म्हणून मी एक दिवस जास्त राहिलो. फोन करून कळवायला हवं होतं. साहेबांना फोन करायचा धीर झाला नाही.

नंतरच्या सोमवारी काकांनी मला टेबलाशी बोलावलं. आवाज नेहमीचा नव्हता.

"काय रे, मोठ्या माणसाला हो का न्हाई ते कळवायची पद्धत न्हाई का तुमच्याकडं?"

मला वाटलं, ते त्या जादाच्या दिवसाबद्दल बोलतायत. मी म्हणालो, "चुकलं काका."

"चुकलं ते जाऊ दे. म्हंजे न्हाईच समजू ना मी?"

मला प्रश्न कळला नाही. काय न्हाई, असं विचारायला पाहिजे होतं. पण त्यांचा चेहरा बघून मला एवढंच कळलं की मान हलवली तर हे संपेल. मी मान हलवली.

"ठीक," काका म्हणाले आणि त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. त्यानंतर त्यांनी टायपिंगचं काही विचारलं नाही. निरोपाच्या कार्यक्रमात मी शेवटच्या खुर्चीवर होतो. पाया पडलो तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी ते मुलाकडे नागपूरला निघून गेले.

आठवड्याने माझे तीन महिने भरले. साहेबांनी पत्रावर सही करून दिली.

"ती मशीन काढून ठेव आता. कुणी वापरत न्हाई. आणि काका म्हणले तुला इथं थांबण्यात इंटरेस्ट न्हाई. चांगलंय, शीक पुढं. त्यांच्या जागेवर दुसरा मुलगा घेतलाय आम्ही."

मी "होय सर" म्हणालो. केबिनच्या बाहेर येईपर्यंत काकांबद्दलचं ते वाक्य मला नीट ऐकूही आलं नव्हतं. मग जिन्यावर जाऊन उभा राहिलो.

मशीन बंद करायच्या आधी डिस्पॅचचा मॉनिटर मागून आणला आणि जोडला. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती. वीस वर्षांपूर्वीची, जानेवारीतली पहिली.

जुन्या मशीनच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो. लाइट गेली तरी घड्याळ चालू राहावं म्हणून. तो मेलेला होता. आमच्याकडे दुपारी एकदा तरी लाइट जायचीच. प्रत्येक वेळी मशीन स्वतःच चालू व्हायची आणि घड्याळ वीस वर्षं मागे जायचं. बाहेरचं इंटरनेट नसल्यामुळे खरी वेळ सांगायला तिला कुणी नव्हतं. पेटीत नवी तारीख वर आणि जुनी खाली. टेस्ट पाठवताना तारीख मी हाताने लावली होती, ती पुढची लाइट जाईपर्यंतच टिकली; त्यामुळे त्यानंतर आलेलं प्रत्येक मेल माझ्या पंचेचाळीस टेस्टच्या खाली, दुसऱ्या पानावर जाऊन पडलं होतं. नोंदवहीत मी ओळीचा शेवटचा शब्द वाचायचो. सुरुवातीची तारीख एकदाही वाचली नव्हती.

मी माझ्या पेटीचं दुसरं पान उघडलं.

सुपरवायझरचं होतं: "कॉम्प्युटरवाले, गोदामाची पोच मिळाली का? मिळाली तर खिडकीतून हात दाखवा." प्रयोगशाळेतल्या ताईंची दोन होती. एकात लिहिलं होतं, "जिन्यावर एकटा का जेवतोस? इकडं ये, आम्ही तिघी असतो." दुसरं आठ दिवसांनंतरचं असावं: "आज पुरणपोळी आणलीय. बघ बाबा, यायचं तर."

त्यांच्या खाली काकांचं होतं. मशीनने त्यावर जानेवारी टाकला होता, पण काकांनी सवयीप्रमाणे वरच्या कोपऱ्यात स्वतः तारीख टाइप केली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची. वेळ, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

"चिरंजीवास आशीर्वाद. तू आज आला नाहीस म्हणून पेटीत लिहितो आहे. साहेबांशी बोलणे झाले. महिनाअखेर माझी खुर्ची रिकामी होते, तिच्यावर तुला कायम घेण्यास ते तयार आहेत. तुझी परीक्षा सांभाळून काम करता येईल, तेही विचारून घेतले. शनिवारपर्यंत अर्ज आण. नको असेल तर तसे लिही, मला राग नाही. उद्या तोंडी सांगता आले असते, पण समोर तू सगळ्याला होय म्हणतोस, मनातले कळत नाही. म्हणून विचार करून लिहूनच कळव. हे टाइप करायला मला पाऊण तास लागला. मिळाले की दोन ओळी टाक. मी पेटी उघडून बघत बसतो."